नवी चेन चढाला दात सोडतेय, कॅसेटही बदलावी लागेल का?

अंजनेरीचा चढ

नमस्कार मंडळी. सायकल घरी उघडून बसणारे बरेच जण इथे आहेत म्हणून सविस्तर लिहितेय. लांबण लागली तरी कृपया पूर्ण वाचा.

माझी हायब्रिड आहे. पुढे पायडलपाशी तीन चेनरिंग (मोठ्या दातेरी चकत्या), मागे आठ गिअर (आठ कॉग, म्हणजे लहान-मोठ्या दातेरी चकत्या; त्यांचा संच म्हणजे कॅसेट), सगळं शिमानोचं, व्ही-ब्रेक. मी नाशिकची, घर इंदिरानगरला आणि शाळा गंगापूर रोडला, त्यामुळे रोजचं जाणं-येणं सायकलवरच. रविवारी त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत जाते, जमलं तर पुढे पहिनेकडे. पावसाळ्यात खंड पडू देत नाही. तो रस्ता खरा पाहावा तो पावसातच.

पाऊस उघडल्यावर चेन फार कुरकुरायला लागली, कड्यांवर गंजही दिसत होता. म्हणून मागच्या आठवड्यात घरीच नवी घातली. चेन तोडायचं टूल मैत्रिणीकडून आणलं, जुन्या चेनच्या कड्या मोजून नवी तेवढीच केली आणि जोडकडीने जोडली. मागचं चाक उचलून पायडल फिरवलं तर आठही गिअर बिनतक्रार पडतात. सपाट रस्त्यावरही काही जाणवत नाही. पण चढाला जोर दिला की खट्‌ आवाज येतो आणि पायडल क्षणभर रिकामं जातं. परवा अंजनेरीच्या अलीकडे उभं राहून पायडल मारताना असंच झालं आणि गुडघा हँडलवर आपटला. मागून एसटी येत होती. तेव्हापासून उभं राहायची भीती बसली आहे.

हे होतं मागच्या लहानाकडून तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या कॉगवर. सगळ्यात मोठ्या दोनवर एकदाही झालेलं नाही.

शहरातल्या एका दुकानात दाखवलं. त्यांनी सायकल स्टँडला न लावता, काही न मोजता सांगितलं की चेन पुन्हा नवी घ्या, कॅसेट घ्या आणि पुढचा पूर्ण क्रँकसेटही (चेनरिंग आणि पायडलचे दांडे, म्हणजे क्रँक) बदला. जो आकडा सांगितला तो सायकलच्या किमतीच्या जवळजवळ निम्मा आहे.

आणखी एक. उजवा पाय खाली येताना प्रत्येक फेरीला बारीक ‘टिक’ असा आवाज येतो. हा आवाज चेन बदलण्याच्या आधीपासूनचा आहे.

पुढच्या महिन्यात माझी पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) आहे. तर विचारायचं एवढंच: खरोखर काय काय बदलावं लागेल, आणि त्यातलं घरी काय करता येईल? पैसे खर्च करायला ना नाही, पण कशासाठी करतेय ते कळलं पाहिजे.

घाटवेडा

ताई, आधी हँगर बघा. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ज्या छोट्या तुकड्याला लटकतो तो. सायकल उजव्या बाजूला पडली की तो वाकतो आणि मग चेन दोन कॉगच्या मध्ये लटकत राहते. सायकलच्या मागे उभं राहून बघा, डिरेलरच्या दोन्ही लहान पुल्या कॉगच्या अगदी सरळ खाली दिसल्या पाहिजेत.

हँगर सरळ असेल तर केबलचा ताण तपासा. डिरेलरमध्ये केबल जिथून शिरते तिथे फिरवायचा बॅरल असतो. मोठ्या कॉगवर जायला चेन आळस करत असेल तर बॅरल घड्याळाच्या उलट अर्धा फेरा फिरवा, लहानावर उतरायला आळस करत असेल तर सुलट. अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त एकदम नको.

मी रेस करतो. आमच्याकडे कसाऱ्याच्या चढाला शेवटच्या टप्प्यात सगळे सीटवरून उठतात, तिथे चेन एकदा जरी सुटली तरी पुढचा गट गेला, मग तो सापडत नाही. म्हणून मी दर रेसच्या आधी हँगर तपासूनच घेतो. जाताना अतिरिक्त हँगर पिशवीत ठेवा. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, वाटेत कुठेही मिळत नाही.

टूलरूम सातपूर

ताई, क्रँकसेट तूर्त अजिबात घेऊ नका. कॅसेट माझ्या अंदाजाने गेलेली आहे, पण तीही माझ्या शब्दावर घेऊ नका. आधी मोजा. जुनी चेन भंगारात दिली नसेल तर बरं, कारण सगळा पुरावा तिच्यात आहे.

मी सातपूर एमआयडीसीत टूलरूमला होतो, आता निवृत्त. तिथे माप घेतल्याशिवाय कुठलाही पार्ट बदलायची सोय नव्हती, आणि तेच बरोबर होतं. सायकलच्या चेनला तर मायक्रोमीटरही लागत नाही, स्टीलची फूटपट्टी पुरे.

झालंय काय ते आधी समजून घ्या. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. आठ गिअरची असो की बारा गिअरची, हे अंतर तेच. आपण पायडल कितीही दाबलं तरी कड्यांच्या पट्ट्या काही ताणून लांब होत नाहीत. झिजते ती पिन, आणि ती ज्या भोकात फिरते ते भोक. तेलात रस्त्याची बारीक वाळू मिसळली की काळा चिखल तयार होतो. तो पिनेच्या आत शिरून लॅपिंग पेस्टसारखा धातू खात बसतो. एका पिनेला केसभर ढिलाई आली तरी शंभरावर पिनांची मिळून ती साठत जाते आणि चेन लांबते.

लांबलेली चेन दातांच्या बुडाशी बसत नाही, जरा वर सरकून बसते आणि दात आपल्या मापाने कोरून घेते. जुनी चेन आणि जुनी कॅसेट अशा एकमेकींच्या संगतीनं झिजतात, त्यामुळे चालवणाऱ्याला काहीच कळत नाही. नवी चेन मात्र बरोबर अर्ध्या इंचाची. त्या कोरलेल्या खाचांत ती नीट बसेल कशी? पाय हलका असतो तोवर चालून जातं. जोर आला की रोलर दाताच्या झिजलेल्या बाजूवरून वर चढतो आणि पुढच्या दातावर पडतो. तोच तुमचा ‘खट्‌’.

चाक उचलून पाहिलं तेव्हा काही झालं नाही याचं कारणही हेच, तिथे भार नसतो. घाटवेडा म्हणतात ते तपासायला हरकत नाही, पण हँगर वाकला असता किंवा केबल ढिली असती तर चाक उचलून फिरवतानाही एखाद्या गिअरला खडखड ऐकू आली असती, चेन आपोआप शेजारच्या कॉगवर सरकली असती. फक्त भाराखाली आणि फक्त ठरावीक कॉगवर सुटते, तेव्हा संशय दातांवर घ्यायचा.

तिसरा, चौथा, पाचवा हेच का? कारण गंगापूर रोडसारख्या सपाट रस्त्याला रोज तुम्ही याच कॉगवर असणार. मोठे दोन कॉग चढापुरते वापरले जातात, शिवाय त्यांना दात जास्त, त्यामुळे भार वाटला जातो.

एक शक्यता आधी बाद करून टाका. नवी जोडकडी किंवा तिच्या शेजारची कडी जाम असू शकते. पायडल हळूहळू उलटं फिरवा आणि नजर डिरेलरच्या खालच्या पुलीवर ठेवा. जाम कडी तिथून जाताना डिरेलर झटका देतो. तसं असेल तर त्या कडीला हाताने आडवं थोडं हलवून मोकळं करायचं. पण जाम कडी सगळ्याच गिअरला त्रास देते, तुमचं तसं दिसत नाही.

आता माप. जुनी चेन डिझेलमध्ये धुऊन पुसा. खिळ्याला टांगा म्हणजे सरळ राहील. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. नव्या चेनला १२ इंचावर, म्हणजे ३०४.८ मिमीवर, बरोबर एका पिनेचा मध्य येतो. झिजलेलीत ती पिन पट्टीच्या पुढे गेलेली दिसते.

३०६.३ च्या आसपास आली तर अर्धा टक्का झीज. दहा गिअरपर्यंतच्या चेनला अजून थोडा वाव असतो, अकरा-बारा गिअरवाल्यांनी मात्र इथेच बदलावी. ३०७.१ म्हणजे पाऊण टक्का, आठ गिअरला बदलायची वेळ ही. आणि ३०७.८ च्या पुढे म्हणजे एक टक्का. तिथवर गेलेली चेन कॅसेटला सोबत घेऊन जाते.

याहून पक्की पद्धत हवी असेल तर जुनी चेन आणि नवी चेन शेजारी शेजारी एकाच खिळ्याला टांगा. कड्या दोन्हीकडे तेवढ्याच असल्या पाहिजेत, तुम्ही मोजून कापली आहे म्हणजे आहेतच. ११४ कड्यांची नवी चेन १४४८ मिमी भरते. जुनी तिच्यापेक्षा १४-१५ मिमी खाली लोंबली तर झीज एक टक्का. बारा इंचात जी चूक डोळ्याला होऊ शकते ती पूर्ण लांबीत होत नाही. जोडकडी असल्यामुळे नवी काढायला दोन मिनिटं लागतील.

पुढच्या चेनरिंगला दात मागच्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून त्या फार सावकाश झिजतात. नवी चेन मधल्या चेनरिंगवर असताना अगदी समोरच्या बाजूला, घड्याळात तीन वाजतात तिथे, चेन बोटाने पुढे ओढा. दातांपासून जेमतेम हलली तर चेनरिंग ठणठणीत. ओढल्यावर अर्धा दात उघडा पडला आणि दात एका बाजूला वाकून टोकदार झालेले दिसले, तरच बदलायचा विचार करा. आणि मोठ्या दोन कॉगवर चेन सुटत नाही हाच मुळात चेनरिंग शाबूत असल्याचा पुरावा आहे, कारण पुढची चेनरिंग तर तीच असते.

राहिला प्रश्न चेन इतकी झिजली कशी. तुम्ही पावसात त्र्यंबक-पहिने करता. इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो, आपल्या शहरात साधारण त्याच्या चौथाई. त्र्यंबकपासून घोटी-इगतपुरीपर्यंतचा पट्टा पावसाचाच. त्या रस्त्यावर पाण्याबरोबर बारीक कच वाहत येते आणि पुढचं चाक ती थेट चेनवर उडवतं. तिकडे दिंडोरी रोडला द्राक्षाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी आलेली काळी माती असते, ती वाळली की पीठ होऊन बसते. पावसाळी राइडनंतर घरी आल्यावर चेन तशीच ठेवली तर त्या एका राइडचं नुकसान पुढे पंधरा दिवस चालू राहतं.

म्हणून त्याच संध्याकाळी करायचं काम: कोरडं फडकं चेनभोवती धरून पायडल उलटं फिरवा, फडकं काळं यायचं कमी होईपर्यंत. मग प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब, आतल्या बाजूने. दहा मिनिटं थांबून बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. वंगण पिनेच्या आत हवं, बाहेर दिसणारं तेल फक्त धूळ गोळा करतं. गाडीचं इंजिन ऑइल नको, ते फार ओलं राहतं. डब्ल्यूडी-४० चा साधा निळा डबा गंज सोडवायला चांगला, पण चेनला वंगण म्हणून टिकत नाही. सर्व्हिस स्टेशनच्या जोराच्या फवाऱ्याने सायकल धुऊ नका. पाणी चाकाच्या हबमध्ये आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतात त्या बेअरिंगमध्ये, शिरतं आणि आतलं ग्रीस निघून जातं.

मापं इथे लिहा, मग कॅसेटचं पुढे बघू.

अंजनेरीचा चढ

काका, इतकं समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. जुनी चेन पिशवीत गुंडाळून ठेवलेलीच होती. काल शाळेतून आल्यावर लगेच सगळं केलं.

दोन्ही चेन गॅलरीच्या ग्रिलला खिळा लावून टांगल्या. कड्या दोन्हीच्या ११४. जुनी नवीपेक्षा १६ मिमी खाली लोंबतेय. नुसत्या डोळ्यांनीही फरक दिसतो, मुलाने तर लांबूनच ओळखलं. पट्टीवर बारा इंचाच्या जागी पिन ३०८ च्या किंचित पुढे आहे.

पुढची चेन बोटाने ओढून पाहिली, मधल्या चेनरिंगवर जेमतेम हलते. लहान आणि मोठ्या चेनरिंगवरही तसंच. दात सरळ दिसतात. हँगरही पाहिला, पुल्या सरळ खाली आहेत. कुठलीही कडी जाम नाही.

म्हणजे क्रँकसेट वाचला ना? आणि कॅसेट घेताना काय विचारायचं ते सांगा. घरी बसवता येईल का? माझ्याकडे एलन कीचा सेट, मोठा ॲडजस्टेबल पाना आणि चेनचं टूल आहे. टिक आवाजाचं पण राहिलंच.

रात्रपाळी

काका कॅसेटचं सांगतीलच. मी बीआरएमबद्दल लिहिते, कारण पहिल्या दोनशेच्या आधी माझ्याही डोक्यात हेच सगळं चालू होतं. मी देवळाली कॅम्पची, दोनशे ते सहाशे अशी पूर्ण मालिका केलेली आहे.

पहिली गोष्ट, ही रेस नाही. नंबर नसतात, पहिला कोण हे कुणी विचारत नाही. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे थांबे, जेवण, पंक्चर सगळं धरून ताशी १५ च्या थोडं खाली सरासरी पडली तरी तुम्ही वेळेत. तुम्ही अंजनेरीला ज्या वेगाने जाता तो नक्कीच याहून जास्त असणार. तीनशेला २० तास, चारशेला २७, सहाशेला ४०, आणि एका हंगामात चारही केल्या की सुपर रँदोनर हा किताब. ते पुढचं पुढे.

वेळ चढाला जात नाही, थांब्याला जातो. हॉटेलात बसलं की अर्धा तास कसा गेला कळत नाही. बसून खाणं एकदाच करा. बाकी वेळ खिशात राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर. तहान लागायच्या आधी पाणी. आणि त्या सकाळी निघण्यापूर्वी मिसळ नको! नाशिककर असलात तरी नको, परत आल्यावर हक्काने खा.

मार्ग कसारा घाटातून असेल तर एक लक्षात ठेवा. नाशिकहून मुंबईच्या बाजूला जाताना घाट आधी उतरायचा असतो आणि परतताना, पाय दमलेले असताना, तोच चढायचा असतो. म्हणून सगळ्यात मोठा कॉग किती दातांचा आहे याला फार महत्त्व आहे. पुढचं लहान चेनरिंग वापरायला लाजू नका, ते त्यासाठीच दिलेलं आहे. उतारासाठी ब्रेक शू काढून बघा. त्यावरच्या खाचा पुसट झाल्या असतील तर बदला. रबरात ॲल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले असतील तर टोकदार सुईने काढा, ते रिमला खातात. पावसाळा काढलेल्या सायकलवर ते हमखास सापडतात.

दिवे पुढे-मागे दोन्ही, परावर्तक जॅकेट, हेल्मेट. हे सगळं सुरुवातीलाच तपासतात. पिशवीत दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप, चेनचं टूल आणि एक जास्तीची जोडकडी. तुम्ही चेन स्वतः जोडलेली आहे, त्यामुळे रस्त्यात तुटली तरी तुम्ही अडकणार नाही. पहिल्या दोनशेला आलेल्या किती जणांना हे येतं ते तिथे गेल्यावर बघाल.

नवीन पार्ट राइडच्या आदल्या दिवशी लावायचा नाही हा माझा पक्का नियम. कॅसेट याच आठवड्यात बसवा आणि पुढचे रविवार तिच्यावर काढा.

आणि ताई, हायब्रिडवर जमेल का असा प्रश्न मनात असेल तर काढून टाका. आपल्या गावाला या खेळाची परंपरा आहे. हितेंद्र आणि महेंद्र हे महाजन डॉक्टर बंधू इथलेच, २०१५ मध्ये दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार करणारी रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तेव्हा ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ होता. २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय श्रीनिवास गोकुळनाथ, लष्करातले डॉक्टर, तेही नाशिकमध्येच होते. जवळजवळ पाच हजार किलोमीटर! ज्या घाटांत आणि ज्या रस्त्यांवर आपण रविवारी असतो तेच हे रस्ते. मला दर वेळी कसारा चढताना याचं बळ मिळतं, म्हणून सांगितलं.

टूलरूम सातपूर

ताई, मापं एकदम स्वच्छ घेतलीत. १६ मिमी म्हणजे एक टक्क्याच्या जरा वर, आणि पट्टीचं मापही तेच सांगतं. दोन पद्धती जुळल्या, म्हणजे शंका उरली नाही. कॅसेट बदला. क्रँकसेट वाचला. नवी चेन दुसरी घ्यायची गरज नाही, आत्ता लावलेलीच नव्या कॅसेटवर चालेल. आठवडाभरात तिला काही होत नाही.

घेण्यापूर्वी एक खात्री. मागे कॅसेटच आहे की फ्रीव्हील, म्हणजे हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला कॉगांचा संच, ते बघा. काही स्वस्त सायकलींवर आठ गिअरलाही फ्रीव्हील असते. चाक काढून कॉग उलटे फिरवा. मधल्या ज्या दातेरी तोंडात पाना बसतो ते कॉगबरोबर फिरलं तर कॅसेट, ते जागेवर राहून कॉगच फिरले तर फ्रीव्हील. दोन्हींचा पाना वेगळा, पार्ट वेगळा, एकाच्या जागी दुसरं बसत नाही.

दुकानात सांगायचं: शिमानो आठ गिअर, आणि मोठ्या कॉगचे दात. ते तुमच्या जुन्यावर मोजा, बहुतेक ३२ किंवा ३४ निघतील. तेवढ्याचीच घ्या. जास्त मोठा घेतला तर डिरेलर तिथवर पोचेल का आणि चेन पुरेल का हे पुन्हा तपासत बसावं लागेल. बीआरएमसाठी रात्रपाळी ताईंनी सांगितलंय त्याप्रमाणे पुढचं लहान चेनरिंग आहेच.

बसवायला दोनच गोष्टी कमी आहेत. लॉकरिंगचा, म्हणजे कॅसेट जागेवर आवळून धरणाऱ्या कड्याचा, पाना विकत घ्या, स्वस्त असतो. दुसरं, कॉग धरून ठेवायला चेन व्हिप. ते विकत आणू नका. दीड फूट लोखंडी पट्टीला दोन भोकं पाडून तुमच्या जुन्या चेनचे दोन तुकडे बोल्टने आवळा, एक लहान, एक हातभर. कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे दहा मिनिटांचं काम. झिजलेल्या चेनचा हा चांगला उपयोग.

चाकाचा क्विक रिलीज काढा. चेन व्हिपने कॉग पुढे धरून ठेवायचे आणि लॉकरिंग घड्याळाच्या उलट सोडायची. पहिल्यांदा कर्र आवाज येतो, घाबरू नका, तिच्यावर खाचा असतात त्याचा तो आवाज. नवी कॅसेट घालताना एक खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची दिसेल, ती जुळवली की एकाच पद्धतीने आत जाते. सुटे कॉग आणि त्यांच्यामधली वॉशरं ज्या क्रमाने पाकिटातून निघतील त्याच क्रमाने. फ्रीहबवर, म्हणजे कॅसेट ज्यावर बसते त्या भागावर, ग्रीसचा पातळ हात फिरवा. लॉकरिंगवर ४० न्यूटन मीटर लिहिलेलं असतं. टॉर्क रेंच नसेल तर हिशेब सोपा आहे, २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे १६ किलोचा जोर. वजनकाट्यावर एकदा हात दाबून १६ किलो म्हणजे किती ते बघून घ्या, पुढे अंदाज चुकणार नाही.

आता टिक. आवाज उजव्या पायाच्या प्रत्येक फेरीला येतो म्हणून बॉटम ब्रॅकेट उघडायची घाई नको. स्वस्तातली कारणं आधी. उभं राहून चालवताना आवाज गेला तर सीटपोस्ट बाहेर काढून पुसून ग्रीस लावून बसवा. गेला नाही तर दोन्ही पायडल काढा, आटे साफ करा, ग्रीस लावून घट्ट करा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते सोडताना पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. मग क्रँकचा बोल्ट आणि चेनरिंगचे बोल्ट आवळून बघा. पावसाळ्यानंतर निम्म्याहून जास्त वेळा आवाज पायडलच्या आट्यातच सापडतो.

एवढं करूनही राहिला तर चेन पुढच्या चेनरिंगवरून उतरवून क्रँकची दोन्ही टोकं धरा आणि आडवं हलवा. दोन्ही क्रँक एकत्र हलत असतील तर बॉटम ब्रॅकेट ढिला किंवा झिजलेला. एकच हलत असेल तर त्या क्रँकचा बोल्ट. बॉटम ब्रॅकेटला खास पाना लागतो आणि उजव्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, ते काम मात्र एखाद्या चांगल्या मिस्त्रीसमोर उभं राहून करून घ्या.

कॅसेट बसल्यावर पहिली फेरी चढाला नको, कॉलनीतच जोर देऊन प्रत्येक कॉग तपासा. आणि लॉकरिंग अडून बसली तर ताकद लावून पाना घसरवू नका, दात खराब होतात. तिथेच थांबा, फोटो इथे टाका.